लहान बेटावर लोकसहभाग वाढवायचा म्हणजे नेमके काय करायचे?

सुमारे चारशे वस्तीच्या एका बेटावर दोन वर्षांसाठी सांस्कृतिक समन्वयक म्हणून आपली नेमणूक झाली आहे, असे आपण लिहिले आहे. धक्क्याजवळच्या मोकळ्या जागेची नव्याने मांडणी करणे, बहुतेक काळ बंद असणाऱ्या सभागृहाचा वापर वाढवणे आणि वार्षिक उत्सवात अधिक लोकांना सामील करून घेणे ही तीन कामे आपल्याकडे आहेत. आपण पाच जाहीर सभा घेतल्या. प्रत्येक वेळी तेच चौदा जण आले, कोणी विरोध केला नाही, कोणी जबाबदारीही घेतली नाही, आणि आता अनुदान देणारी संस्था सहभागाचे आकडे मागते आहे. लोकांची उदासीनता कशी दूर करावी, हा आपला प्रश्न आहे. मी अनेक वर्षे लहान बेटांवर याच प्रकारचे काम करत आले आहे, आणि माझे पहिले म्हणणे असे की आपण केलेल्या वर्णनात मला उदासीनता कुठेच दिसत नाही.

आधी साधा हिशेब करून पाहू. चारशेपैकी चौदा म्हणजे साडेतीन टक्के. एक लाख वस्तीच्या शहरात एखाद्या चौकाच्या मांडणीवर चर्चा करायला याच प्रमाणात लोक आले, तर त्या सभेत साडेतीन हजार माणसे बसलेली असतील. दुसरी बाजूही पाहावी. बेट कितीही लहान असले तरी त्याला बोटीची व्यवस्था लागते, आग विझवणारे लागतात, शाळेची समिती, पाण्याची समिती, आजाऱ्याला रात्री मुख्यभूमीवर पोहोचवणारे हातही लागतात. मोठ्या गावात ही कामे शेकडो लोकांत वाटली जातात, बेटावर मात्र तीच वीस-पंचवीस माणसे ती आलटून पालटून करतात. आपल्या सभेला आलेल्या चौदा जणांची यादी काढून प्रत्येकाकडे आधीच किती जबाबदाऱ्या आहेत हे लिहून पाहावे. एकेका नावापुढे चार-पाच नोंदी निघाल्या तर आश्चर्य वाटू नये. म्हणून खरा प्रश्न असा आहे: ज्यांच्यावर आधीच बराच भार आहे त्यांच्यावर आणखी भार न टाकता, ज्यांना कधी विचारलेच गेले नाही त्यांच्या हाती खरा निर्णय कसा द्यावा?

पुढचे बरेचसे परिस्थितीवर अवलंबून आहे, हे मान्य केले पाहिजे. धक्क्याजवळची जागा कोणाच्या मालकीची आहे, वर्षभर राहणारे किती आणि हंगामापुरते येणारे किती, शेवटची बोट किती वाजता सुटते, बेटावर एकच वस्ती आहे की एकमेकांशी फारसे न बोलणाऱ्या दोन-तीन वाड्या आहेत, यांची उत्तरे माझ्याकडे नाहीत, आणि त्यांपैकी एकाच्याही उत्तराने सल्ला बदलू शकतो. त्यामुळे मी आपल्याला आराखडा देऊ शकत नाही. मी काय करते आणि का करते, एवढे सांगू शकते.

सर्वांत आधी जाहीर सभेविषयी. मत जाणून घेण्याचे साधन म्हणून लहान बेटावर जाहीर सभा फार कमी उपयोगाची ठरते, आणि त्याचे कारण लोकांच्या स्वभावात शोधू नये. शहरात सभेत कोणाशी मतभेद झाला तर त्या माणसाची पुन्हा गाठ पडेलच असे नसते. बेटावर तो दुसऱ्या दिवशी सकाळच्या बोटीवर शेजारी बसलेला असतो. त्याची बहीण आपल्या मुलांना शिकवत असते, त्याचा भाऊ आपली होडी दुरुस्त करत असतो. मोकळ्या जागेतला बाक डावीकडे असावा की उजवीकडे, या प्रश्नावर इतके नाते पणाला कोण लावील? म्हणून लोक गप्प राहतात, आणि बाहेरून आलेला समन्वयक त्या मौनाला संमती समजून इतिवृत्तात ‘सर्वानुमते मंजूर’ असे लिहितो. पुढे काम सुरू झाल्यावर कोणी मदतीला येत नाही तेव्हा त्याला धक्का बसतो. वास्तविक लोकांनी आपले मत सभेतच दिलेले असते, पण ते न बोलण्यातून दिलेले असते.

मी सभा बंद करत नाही, पण तिची जागा शेवटी ठेवते. आधीचे दोन-तीन महिने मी माणसे आधीच जिथे थांबलेली असतात तिथे जाते: बोटीची वाट पाहणारी रांग, शाळा सुटण्याची वेळ, माल उतरवण्याची वेळ. घरी बोलावले तर जाते, आणि एका वेळी तीन-चारांपेक्षा जास्त लोक नसतील असे पाहते. प्रश्नही ‘आपल्याला काय हवे?’ असा विचारत नाही, कारण त्याला सगळीकडे तेच उत्तर मिळते. ‘मागच्या आठवड्यात आपण धक्क्यावर किती वेळ थांबलात, कुठे उभ्या राहिलात, का?’ असे विचारले की माणूस स्वतःच्या अनुभवाविषयी बोलू लागतो आणि कोणाच्या विरुद्ध बोलण्याची वेळ त्याच्यावर येत नाही.

पसंती मोजायची असेल तेव्हा आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. चिठ्ठ्या लिहून घेतल्या की मत गुप्त राहते, असे आपण समजतो. पण लहान बेटावर अक्षर ओळखता येते. एका ठिकाणी माझ्या देखत चिठ्ठ्या उघडताना एक आजी प्रत्येक चिठ्ठीवरून लिहिणाऱ्याचे नाव अचूक सांगत होत्या. तेव्हापासून मी पडद्याआड ठेवलेल्या डब्यांत खडे टाकायला लावते. प्रत्येकाला सारखे तीन खडे मिळतात. ते तीन पर्यायांत वाटावेत किंवा एकावरच लावावेत. मोजणी सगळ्यांसमोर होते, मत मात्र कोणाचे होते ते कळत नाही. ही लहानशी व्यवस्था केल्यावर, सभेत जे कधीच ऐकू आले नव्हते ते आकड्यांत दिसू लागते.

लोक समोरासमोर बोलू शकत नसतील तेव्हा मध्ये काहीतरी माध्यम ठेवावे लागते, ही गोष्ट कॅनडातील न्यूफाउंडलंडजवळच्या फोगो बेटावर 1967 मध्ये फार चांगल्या रीतीने दिसून आली. मासेमारी खालावली होती आणि लोकांना तेथून हलवून दुसरीकडे वसवण्याचा विचार सरकारी पातळीवर चालू होता. बेटावरच्या वस्त्या विखुरलेल्या होत्या आणि त्यांच्यात फारसा संवाद नव्हता. कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळाचे दिग्दर्शक कॉलिन लो आणि मेमोरियल विद्यापीठाचे डोनाल्ड स्नोडेन यांनी तेथे दोन डझनांहून अधिक लघुपट तयार केले. ते लघुपट आधी बेटावरच्याच लोकांना दाखवले गेले; जो माणूस पडद्यावर दिसतो त्याची संमती घेतल्याशिवाय त्याचे बोलणे पुढे गेले नाही. एका वस्तीतल्या लोकांनी दुसऱ्या वस्तीतल्या माणसाला पडद्यावर बोलताना पाहिले तेव्हा आपली चिंता एकच आहे हे त्यांच्या लक्षात आले, आणि नंतर तेच लघुपट सरकारपर्यंत पोहोचले. मासेमारांची सहकारी संस्था उभी राहिली आणि बेट रिकामे झाले नाही. यातून मी घेतलेला धडा कॅमेऱ्याचा नाही. सांगितलेली गोष्ट आधी सांगणाऱ्याकडे परत गेली, त्याने ती मान्य केली आणि मगच ती बाहेर गेली, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. आपण घरोघरी ऐकलेल्या गोष्टींचे टिपण अनुदान देणाऱ्या संस्थेला पाठवण्यापूर्वी बेटावर वाचून दाखवावे. हे एक काम केले तरी लोकांचा आपल्याकडे पाहण्याचा दृष्टिकोन बदललेला आपल्याला जाणवेल.

आता निर्णयाविषयी. शेरी आर्नस्टाइन यांनी 1969 मध्ये नागरिकांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्या तळाशी लोकांना गुंडाळून घेणे आहे, मधल्या पायऱ्यांवर माहिती देणे, मत विचारणे आणि समजूत घालणे आहे, आणि वरच्या पायऱ्यांवर भागीदारी, अधिकार सोपवणे व नागरिकांचे नियंत्रण आहे. ही शिडी जुनी झाली, तिच्यावर टीकाही बरीच झाली, आणि प्रत्येक कामात सर्वांत वरच्या पायरीवर गेलेच पाहिजे असे मलाही वाटत नाही. तरीही प्रत्येक उपक्रमापूर्वी मी स्वतःला एकच प्रश्न विचारते: लोकांच्या बोलण्यामुळे बदलू शकेल असा कोणता निर्णय अजून शिल्लक आहे? आराखडा ठरला आहे, ठेकेदार ठरला आहे, फक्त रंग निवडायचा उरला आहे अशी स्थिती असेल, तर ‘रंग आपण निवडा, बाकी ठरले आहे’ असे स्पष्ट सांगावे. लहान जागेत लोकांना ही गोष्ट फार लवकर कळते, आणि एकदा फसवणूक झाली असे वाटले की ती आठवण पुढच्या समन्वयकालाही भोवते.

निर्णय लहान असला तरी चालतो, पण तो खरा असावा लागतो. जपानच्या नाओशिमा बेटावर 1998 मध्ये एका जुन्या घरात तात्सुओ मियाजिमा या कलाकाराने पाण्याखाली चमकणाऱ्या अंकांची कलाकृती मांडली. त्यात 125 अंकयंत्रे आहेत आणि प्रत्येकाचा वेग बेटावरच्या एकेका रहिवाशाने ठरवला; त्यांत पाच वर्षांच्या मुलापासून पंचाण्णव वर्षांच्या वृद्धापर्यंत सगळे होते. कल्पना कलाकाराचीच होती, पण प्रत्येक रहिवाशाच्या वाट्याला एक निर्णय असा आला की जो दुसऱ्या कोणी त्याच्या वतीने घेतला नाही. आपल्या उत्सवाचा विचार करताना असे निर्णय शोधावेत.

धक्क्याजवळच्या जागेबद्दल मला थोडे विस्ताराने लिहायचे आहे, कारण तिथे माझ्या हातून मोठी चूक झाली आहे. एका बेटावर आम्ही अशाच मोकळ्या जागेत छप्पर असलेला रंगमंच उभारला. सभेत कोणी हरकत घेतली नाही. काम पूर्ण झाल्यावर कळले की त्याच भागात दुपारनंतर वाऱ्याचा आडोसा मिळत असे, म्हणून मासेमार तिथे जाळी पसरून दुरुस्त करत आणि शाळेतून येणारी मुले त्यांच्याभोवती रेंगाळत. बेटावरच्या पिढ्यांचे एकमेकांशी बोलणे सर्वांत जास्त त्या कोपऱ्यात होत होते. रंगमंचावर वर्षातून चार कार्यक्रम झाले, आणि जाळी लोकांच्या अंगणात गेली. आम्ही सार्वजनिक जागा निर्माण केली असे अहवालात लिहिले गेले, पण प्रत्यक्षात होती ती जागा आम्ही मोडली होती. तिला नाव नव्हते, तिच्यावर कोणाची पाटी नव्हती, म्हणून ती आम्हाला दिसली नाही. पुढे दोन वर्षांनी रंगमंचाची मागची भिंत काढून टाकली तेव्हा काही मासेमार परत आले, सगळे नाही.

म्हणून आता मी आराखड्याला हात लावण्यापूर्वी जागा पाहते. पहाटेची पहिली बोट, दुपारची सुस्त वेळ, रात्रीची शेवटची बोट, वादळी दिवस, बोट रद्द झाल्याचा दिवस, अशा निरनिराळ्या वेळी तिथे बसून कोण कुठे थांबते आणि किती वेळ थांबते याची नोंद करते. विल्यम व्हाइट यांनी 1970 च्या दशकात न्यूयॉर्कमधल्या चौकांचे असेच निरीक्षण केले होते. बसायला जिथे जागा असते तिथे लोक बसतात, आणि हलवता येणारी खुर्ची मिळाली तर ती थोडीशी तरी सरकवून मगच बसतात, ही त्यांची निरीक्षणे मला बेटावरही खरी ठरलेली दिसली. त्यामुळे पक्के बांधकाम करण्यापूर्वी सुट्या खुर्च्या, एक ताडपत्री आणि दोन कंदील एवढ्यावर काही महिने काढावेत. खुर्च्या संध्याकाळी कुठे सरकलेल्या आहेत हे रोज पाहिले की लोकांनीच काढलेला आराखडा आपल्याला आयता मिळतो. वादळाचा एक हंगाम तरी यात यावा, असा माझा आग्रह आहे. खाऱ्या वाऱ्यात साधे लोखंड किती लवकर गंजते, कोणता खिळा टिकतो, वाऱ्याने काय उडून जाते हे बेटावरच्या लोकांना मुख्यभूमीवरच्या कोणत्याही रचनाकारापेक्षा जास्त कळते, आणि ज्या बाकासाठी सुटे भाग बोटीने मागवावे लागतात तो एकदा मोडला की मोडलेलाच राहतो. देखभाल कोण करणार हे ठरल्याशिवाय काहीही बांधू नये.

सभागृहाच्या बाबतीत माझा प्रश्न याहून साधा आहे: त्याची किल्ली कोणाकडे आहे? बंद सभागृहांच्या बहुतेक गोष्टींत मला असे आढळले की किल्ली एका सज्जन, कष्टाळू माणसाकडे असते. तो कोणाला नाही म्हणत नाही, पण त्याला विचारायला जावे लागते. काय करणार, किती वाजता संपणार, कोण येणार, हे सांगावे लागते. तरुण मुली, नव्याने राहायला आलेली कुटुंबे आणि त्या माणसाच्या घराण्याशी जुना वाद असणारी घरे विचारायला जातच नाहीत. इमारत सर्वांची असते, पण तिच्यात जाण्याचा मार्ग एकाच्या अंगणातून जातो. अशा वेळी कार्यक्रमांची संख्या वाढवून काही होत नाही. किल्ल्या तीन-चार निरनिराळ्या घरांत ठेवाव्यात, दारावर एक वही लावावी, जो आधी नाव लिहील त्याची वेळ असा नियम असावा, आणि जुन्या किल्लीदाराचा सर्वांसमोर मान राखून, त्याला थकवणारे काम आता वाटून घेत आहोत असे सांगावे. हे नुसते दाखवण्यापुरते म्हणू नये. तो खरोखरच थकलेला असतो.

नियम मात्र वापरणाऱ्यांनीच करावेत. सामायिक साधनसंपत्ती लोक स्वतः कशी सांभाळतात याचा अभ्यास करणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रम यांना 2009 मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. ज्यांच्यावर नियम लागू होतात त्यांना ते बदलण्यात वाटा असला, आणि पहिल्या चुकीला सौम्य व पुढच्या चुकीला थोडा अधिक कडक उपाय असला, तर अशा व्यवस्था दीर्घकाळ टिकतात, हे त्यांनी दाखवले. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या एग बेटावर लोकांनी 12 जून 1997 रोजी बेटच सामुदायिक मालकीत घेतले. 2008 मध्ये पाणी, वारा आणि सूर्य यांपासून वीज तयार करणारी स्वतःची व्यवस्था त्यांनी उभी केली आणि एका घराने एका वेळी 5 किलोवॅटपेक्षा जास्त वीज घेऊ नये ही मर्यादा स्वीकारली. 1997 मध्ये साठ-पासष्ट असलेली वस्ती आता शंभरीपार गेली आहे. आपल्या सभागृहाच्या वहीशी याचा संबंध असा, की अधिकाराबरोबर मर्यादाही लोकांच्याच हातात आली तेव्हा ती पाळली गेली. मात्र मालकी आली म्हणजे बैठका आणि कामेही वाढतात, हे विसरू नये. ज्या बेटावर तीच वीस माणसे राबत आहेत तिथे अधिकार सोपवताना त्यासोबत मानधन, हिशेबनीस आणि बदली माणूसही द्यावा.

उत्सवाविषयी मी दोनच गोष्टी सांगते. पहिली, त्याची तारीख कोणासाठी ठरली आहे ते पाहावे. पाहुण्यांच्या हंगामात बेटावरचे लोक कामात बुडालेले असतात. त्या दिवसांत उत्सव ठेवून त्यांनी सहभाग घ्यावा असे म्हणणे बरोबर नाही. दुसरी, हा उत्सव आजवर कोणी पेलला ते शोधून काढावे. सहसा तीन-चार स्त्रिया कित्येक वर्षे विनामोबदला ते काम करत असतात आणि कोणत्याही इतिवृत्तात त्यांची नावे नसतात. युनेस्कोच्या 2003 च्या करारानुसार अमूर्त वारसा (उत्सव, गाणी, कौशल्ये यांसारखा) म्हणजे संबंधित समुदाय ज्याला आपला वारसा मानतो तो. त्यामुळे काय ठेवायचे, काय बदलायचे आणि एखादे वर्ष थांबायचे का, हेही आधी त्यांनाच विचारावे. मी एकदा अनुदान असूनही एक वर्ष उत्सव न घेण्याच्या निर्णयाला पाठिंबा दिला होता, आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही. पुढच्या वर्षी दोन नव्या घरांनी काम अंगावर घेतले, कारण पोकळी पहिल्यांदाच सगळ्यांना दिसली.

नव्याने आलेल्यांविषयी एक सावधगिरी सांगायला हवी. ते सभेला लवकर येतात, मोकळेपणाने बोलतात, त्यामुळे समन्वयक नकळत त्यांच्यावर विसंबू लागतो. त्यांची साथ जरूर घ्यावी, पण प्रत्येक कामात एक जुने आणि एक नवे घर जोडीने असावे, अशी रचना मी करते. हंगामी कामगारांनाही विचारावे. धक्क्यावर सर्वांत जास्त तास तेच काढतात.

आता आपल्या हातातल्या दोन वर्षांविषयी. पहिले तीन महिने ऐकणे, जागा पाहणे आणि ऐकलेले परत वाचून दाखवणे यांतच घालवावेत. त्यानंतर सुट्या खुर्च्या आणि किल्ल्यांची वाटणी ही दोन कामे एकाच वेळी सुरू करता येतील, कारण दोन्हींना खर्च कमी लागतो आणि दोन्ही मागे घेता येतात. पक्के बांधकाम दुसऱ्या वर्षी करावे. शेवटचे सहा महिने आपण स्वतः एकही कार्यक्रम आयोजित करू नये. फक्त विचारले तर मदत करावी. आपण गेल्यावर काय टिकणार आहे ते त्याच काळात कळते.

राहता राहिला आकड्यांचा प्रश्न. जपानच्या सेतोउची समुद्रातल्या बेटांवर 2010 मध्ये पहिला त्रैवार्षिक कलामहोत्सव झाला आणि नऊ लाखांहून अधिक भेटींची नोंद झाली. त्याच समूहातल्या दोनशेहून कमी वस्तीच्या ओगिजिमा बेटावर, पुढच्या महोत्सवानंतर मुलांसह परतू इच्छिणाऱ्या कुटुंबांनी मागणी लावून धरली आणि बंद पडलेली शाळा 2014 मध्ये पुन्हा उघडली. पहिल्या आकड्याने किती लोक आले ते कळते आणि दुसऱ्या घटनेने बेटाचे काय झाले ते कळते. अनुदान देणाऱ्या संस्थेला सभेतल्या उपस्थितीचा आकडा द्यावाच लागेल, तो द्यावा, पण त्याखाली आणखी तीन नोंदी स्वतःहून जोडाव्यात: लोकांच्या सांगण्यावरून आपले किती निर्णय बदलले, सभागृहाच्या वहीत पूर्वी कधीही न आलेली किती नावे या तिमाहीत आली, आणि आधीपासून राबणाऱ्या चौदा जणांपैकी किती जणांच्या डोक्यावरचे एखादे तरी काम उतरले. यांपैकी तिसरी नोंद पहिल्या तिमाहीत बहुधा शून्यच राहील; ती तशीच लिहून पाठवावी.